आधी चांदीला गूळ

निहार, तू सहा वर्षांचा असताना ऑकलंडच्या तुझ्या शाळेत बाईंनी सगळ्यांना विचारलं होतं, तुमची आजी काय करते? कुणाची आजी बागकाम करत होती, कुणाची स्वेटर विणत होती. तू उभा राहून सांगितलंस, "माझी आजी लोकांचं रक्त काढते आणि फ्रीजमध्ये ठेवते." त्या संध्याकाळी तुझ्या आईला शाळेतून फोन आला. तिने बिचारीने खूप समजावलं, पण त्या बाईंचं पूर्ण समाधान झालं नाही असं ती अजून सांगते.

आता तू तेरा वर्षांचा आहेस, ईशा सोळाची. आमच्या भोरच्या दिवाळी अंकाचे संपादक 'कामाच्या आठवणी लिहा' म्हणून तीन वर्षं माझ्या मागे होते. म्हटलं, तो राहिलेला खुलासा आता छापूनच द्यावा.

मी पॅथॉलॉजी लॅब चालवत होते. भोरमध्ये एस. टी. स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर, दोन खोल्यांची. शुक्रवारी वेल्ह्याला एका भाड्याच्या खोलीत बसायचे. वेल्हे तालुक्याचं नाव कागदावर आता राजगड झालंय, पण कंडक्टरच्या तोंडी अजून वेल्हेच आहे, म्हणून मीही तेच लिहिते. माझं शिक्षण इंग्रजीतून झालं आणि टापटीप शिकवली ती शाळेतल्या नन्सनी. त्यामुळे माझ्या लॅबमध्ये प्रत्येक गोष्टीला जागा, प्रत्येक कामाला क्रम आणि प्रत्येक क्रमाला छापील कार्ड असे. तुमचे आजोबा म्हणायचे, "हिला चहा करायला सांगितला तरी ही आधी सूचना क्रमांक एक लिहील." या कार्डांचा मला अभिमान होता. तो कसा उतरला, तेच आज सांगणार आहे.

त्याआधी थोडा धडा. साखरेचा आजार म्हटलं की लोकांना वाटतं साखर वाढली. पण आपल्या रक्तात साखरेची रोज रस्सीखेच चालू असते. एका बाजूला इन्सुलिन, एकटं, साखर खाली ओढणारं. दुसऱ्या बाजूला चार-पाच हार्मोन, साखर वर धरून ठेवणारे. हार्मोन म्हणजे शरीरातल्या छोट्या छोट्या ग्रंथी रक्तात सोडतात ते रस. यातला एक जरी जास्त झाला, कमी झाला किंवा संपावर गेला, तरी दोर एकीकडे सरकतो. कुठे आणि किती सरकला, हे डॉक्टरांना कळवणं हे माझं काम. औषध डॉक्टर देतात. आम्ही फक्त आकडा देतो. पण आकडा खरा असावा लागतो, आणि माणसं आकड्याला खरं राहू देत नाहीत.

आमच्या भोरचे नानासाहेब घ्या. कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त, थायरॉईड आणि साखर दोन्ही. तपासणीच्या आधी दोन दिवस हा माणूस काकडी आणि ताकावर राहायचा. उपाशीपोटीचं रक्त द्यायचा आणि इथून थेट समोरच्या हॉटेलात जिलेबी खायला जायचा. रिपोर्ट दर वेळी सुरेख. मग डॉक्टरांनी तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी सांगितली. त्या तपासणीला दोन दिवसांची काकडी फसवू शकत नाही. नानासाहेबांनी रिपोर्ट उलटसुलट करून बघितला आणि म्हणाले, "बाई, हे यंत्र चुगलखोर आहे. आमच्या कचेरीत असतं तर मी याची बदली केली असती."

भाटघरच्या एका आजोबांना मी सांगितलं, जेवल्यावर बरोबर दोन तासांनी या. आजोबा मिनिटाच्या हिशेबाने आले, पण चालत आले. जेवले, हात धुतले आणि धरणापासून भोरपर्यंत चालत सुटले. खाल्लेली भाकरी रस्त्यातच खर्ची पडली आणि साखर आली एखाद्या पोरासारखी. मी म्हटलं, "आजोबा, एस. टी. होती की!" तर म्हणाले, "तुमीच म्हन्लात ना दोन तासांनी या. यष्टीनं आलो असतो तर मंग दीड तास हितं बसून काय केलं असतं?" त्या दिवसापासून माझ्या कार्डात एक ओळ वाढली : 'मधल्या वेळात बसून राहा.' ही ओळ लक्षात ठेवा. पुढे हिनेच घोटाळा केला.

आता हौसाबाई.

गुंजवणे गावाच्या वरच्या अंगाला धनगरवस्ती आहे, सहा-सात घरांची. हौसाबाई तिथल्या. वय पन्नाशीच्या आसपास, नवरा वारलेला, मुलगा दत्ता पुण्यात कंपनीत कामाला. शेजारच्या घरात त्यांची नणंद ताराबाई. हौसाबाईंच्या चार म्हशी, त्यांतली कपाळावर पांढरा ठिपका असलेली ती चांदी. वस्तीवर दूध आटवून खवा करायचा आणि टेम्पोने खाली पाठवायचा, यावर त्यांचं घर चाले. आणि चांदी हौसाबाईंशिवाय कुणालाही पान्हा सोडत नसे. पान्हा सोडणं म्हणजे म्हशीने दूध खाली उतरू देणं, ईशा. ती मनात नसेल तर उतरू देत नाही. तू आणि तुझ्या खोलीचं दार, तसं.

या हौसाबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा ओळखू न येण्याइतक्या वाळल्या होत्या. अंग काळवंडलेलं, हिरड्यासुद्धा काळ्या. उठलं की चक्कर. आणि मीठ खायचा सोस, लोणच्याचा खार वाटीने प्यायच्या. वस्तीवर म्हणत होते बाहेरचं काहीतरी आहे. आमच्या डॉक्टरांनी हिरड्या बघितल्या, मिठाचं ऐकलं आणि चिठ्ठी देऊन पुण्याच्या हार्मोनच्या डॉक्टरांकडे पाठवलं. मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन छोट्या ग्रंथी असतात, टोपी घातल्यासारख्या. त्यांचं काम बंद पडलं होतं. साखर वर धरणाऱ्यांतला एक मोठा गडीच रस्सीखेचीतून निघून गेला होता. तो रस गोळीतून मिळतो. एक गोळी सकाळी, एक दुपारी, आणि जन्मभर.

गोळ्यांनी जादू केली. महिनाभरात हौसाबाई डोंगर चढू लागल्या, लोणच्याची बरणी ताराबाईंनी फळीवर ठेवून दिली. पण एक गोष्ट जाईना. सकाळी गोठ्यात चक्कर यायची. दोनदा त्या शेणातच बसल्या. एकदा तर पडल्याच, आणि ताराबाई येईपर्यंत चांदी त्यांच्याजवळ फुरफुरत उभी.

दत्ता घाबरला. चांगला मुलगा, पण घाबरलेला चांगला मुलगा फार हट्टी असतो. त्याने सांगून टाकलं : दिवाळी झाली की म्हशी विकायच्या आणि आईने पुण्याला यायचं. गिऱ्हाईक बघून ठेवलं, टेम्पोही सांगून ठेवला. हौसाबाई माझ्या वेल्ह्याच्या खोलीत बसून म्हणाल्या, "बाई, त्याची खोली म्या बगितलीया. खिडकी उघडली की दुसऱ्याची खिडकी. तितं म्या सकाळी उठून कुनाचं त्वांड बगू?"

डॉक्टरांनी दत्ताला एवढंच पटवलं की दिवाळीपर्यंत थांब, आपण कारण शोधू. सकाळी साखर उतरत असेल अशी त्यांना शंका होती. म्हणून ठरलं, पंधरा दिवस रोज पहाटे, गोळीच्या आधी, हौसाबाईंनी घरीच बोटातून साखर तपासायची. मी त्यांना छोटं यंत्र दिलं, सुया दिल्या, पट्ट्या दिल्या आणि अर्थातच कार्ड दिलं. चौथीपर्यंत शिकलेल्या होत्या, वाचता येत होतं. माझ्यासमोर तीन वेळा करून दाखवलं. एकदाही चुकल्या नाहीत. मनात म्हटलं, माझ्या सगळ्या शिकलेल्या पेशंटांपेक्षा ही बाई सरस.

वस्तीवर एका मोठ्या खडकावर उभं राहिलं तरच मोबाईलला रेंज येते. रोज सकाळी तिथून फोन यायचा. "बाई, एकशे सव्वीस." दुसऱ्या दिवशी, "एकशे अठरा." मग एकशे एकतीस. मी वहीत लिहून घ्यायचे. पंधरा दिवसांत एकही आकडा शंभराच्या खाली नाही.

डॉक्टरांनी वही बघितली आणि चष्मा काढला. "बाई, साखर तर उतरतच नाही. मग चक्कर कसली? आता हृदय बघायला हवं, मेंदू बघायला हवा. आणि तोवर त्यांनी डोंगरावर एकटं राहणं बरोबर नाही." दत्ता समोरच होता. तो हळूच म्हणाला, "म्हंजी मी म्हनत होतो तेच."  हौसाबाईंनी वहीवरून एकदा बोट फिरवलं, जणू तिथे कुठेतरी चांदीचं नाव लिहिलंय.

मला मात्र ती वही टोचत राहिली. गोळीच्या आधी, रात्रभराच्या उपाशीपोटी, अशा आजारात, इतके गुबगुबीत आकडे? नानासाहेबांनी मला एक शिकवलं होतं : फार सुंदर रिपोर्टवर विश्वास ठेवू नये. पण हौसाबाई काकडी खाणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या खोटं बोलतच नव्हत्या.

पुढच्या शुक्रवारी डॉक्टरांना विचारून मी त्यांना पहिल्या जीपने, गोळी न घेता, ताराबाईंना सोबत घेऊन वेल्ह्याला बोलावलं. जीपमधून उतरल्या तेव्हा घामाने डबडबल्या होत्या. पहाटे खडकावरून सांगितलेला आकडा होता एकशे बावीस. मी शिरेतून रक्त घेतलं, त्याचाच एक थेंब त्यांच्या यंत्रावर टाकला. बासष्ट. सत्तरच्या खाली म्हणजे साखर उतरलेलीच. ताबडतोब साखर घातलेलं दूध आणि गोळी दिली. रक्त राखाडी टोपणाच्या नळीत ठेवलं. साध्या नळीतल्या रक्तपेशी साखर खात बसतात, राखाडी टोपणवालीत तसं होत नाही. भोरला आल्यावर मोठ्या यंत्रावर लावलं. एकसष्ट.

म्हणजे यंत्र ठीक, पट्ट्या ठीक, बाई प्रामाणिक, आणि घरचा आकडा दुप्पट. आता एकच उरलं होतं, की जिथे तपासणी होते तिथे जाऊन बघायचं.

चौसष्टाव्या वर्षी मी धनगरवस्ती चढले. ताराबाई पुढे, मी मागे. प्रत्येक वळणावर त्या म्हणायच्या, "ह्ये काय, आलंच." तसं ते आठ वेळा आलंच. संध्याकाळी पोचले, हौसाबाईंकडे मुक्काम केला आणि पहाटे त्यांच्याबरोबरच उठले.

त्यांनी कार्ड आणलं. गोठ्याच्या मेढीला, म्हणजे खांबाला, खिळ्यावर अडकवलेलं असे. कंदिलासारखा एक छोटा दिवा होता, त्याच्या उजेडात मोठ्याने वाचलं : "एक. हात साबनानं धुवा, कोरडे करा." धुतले, कोरडे केले. "दोन. पाच मिनिटं बसून राहा."

"हे कशाला?" मीच विचारलं.

"आता काय! तुमीच लिवलंय की."

लिहिलं होतं मीच. भाटघरच्या आजोबांनंतर प्रत्येक कार्डात ती ओळ घालायची मला सवय लागली होती. हे कार्ड करताना ती हात धुण्याच्या आधी घालायची का नंतर, याचा मी विचारच केला नव्हता. पुढच्या पाच मिनिटांत काय होईल, याचाही नाही.

हौसाबाई बसल्या. चांदीच्या पुढ्यातच बसल्या. आणि बसल्या बसल्या कनवटीच्या पुडीतून गुळाचा खडा काढला, तळहातावर चुरला आणि चांदीच्या तोंडापुढे धरला. तिने जिभेने तो सबंध तळहात, पाचही बोटं, सावकाश चाटून काढली. हौसाबाईंनी हात पदराला पुसला, पट्टी लावली, बोट टोचलं. एकशे एकोणतीस.

मी जमिनीवरच बसले. मला हसावं की रडावं कळेना.

"हौसाबाई, रोज देता हा गूळ?"

"मंग? गूळ दिल्याबगर ती पान्हा सोडती व्हय? पाच मिनिटं नुसतं बसून काय करायचं, म्हनून त्येवड्यात देऊन घेते."

"पुन्हा हात धुवा. कोमट पाण्याने. आणि पदराला नका पुसू."

त्यांनी धुतले. मी स्वतःचा रुमाल दिला. पहिला थेंब पुसून टाकायला लावला, दुसरा घेतला. यंत्राने पाच सेकंद मोजले आणि आकडा दाखवला. चोपन्न.

तो गुबगुबीत आकडा त्यांच्या रक्तातला नव्हताच, चांदीच्या गुळाचा होता. बोटावर न दिसणारा गुळाचा अंश राहिला तरी यंत्राला तो रक्तातलाच वाटतो. मला हे माहीत होतं. परीक्षेत लिहिलं होतं, लोकांना शिकवलं होतं. म्हणूनच कार्डावर पहिली ओळ हात धुण्याची होती. आणि दुसऱ्या ओळीने मीच त्यांना गूळ द्यायला पाच मिनिटं मोकळी सोडली होती. पंधरा दिवस ती बाई चोपन्नावर उभी राहून धारा काढत होती आणि मी वहीत सुवाच्य अक्षरात एकशे सव्वीस लिहीत होते. त्यात ती दरीच्या बाजूला पडली असती तर? ही गोष्ट मी हसत सांगते, पण तो प्रश्न आठवला की अजून हसू थांबतं.

त्या क्षणी मात्र विचार करायला वेळ नव्हता. मी पुडीतला उरलेला गूळ उचलला आणि हौसाबाईंच्या तोंडात घातला. चांदीने मान वर करून माझ्याकडे असं बघितलं, जणू चोर पकडलाय.

मग भाकरी, दूध, गोळी. रंग परत आल्यावर मी विचारलं, "रोज गोळी कधी घेता?"

"धारा काढून, रेडकू पाजून, द्येवाला दूध दावून मंग खाते, तवा."

"म्हणजे?"

"आट वाजत असत्याल."

रात्री सातला जेवण, पहाटे चारला उठणं आणि सकाळी आठला पहिला घास. मधल्या तेरा तासांत साखर वर धरायला कुणीच नाही. डॉक्टरांनी 'उठल्याबरोबर' सांगितलं होतं, पण म्हशीच्या आधी खाणं या घरात कुणी केलं नव्हतं. मी म्हटलं, उद्यापासून उठल्या उठल्या भाकरीचा तुकडा आणि गोळी. हौसाबाईंनी मान हलवली.

"मुकं जनावर उपाशी आन् म्या खाऊ? न्हाई जमायचं, बाई."

मी समजावलं. ताराबाई रागावल्या, "अगं, तू मेलीस तर ती दुसऱ्याच्या दावनीला जाईल, तवा?" तरी नाही. शेवटी माझ्यातली शिस्तीची बाई बाजूला झाली आणि मी विचारलं, "चांदीने गूळ खाल्ला तर ती जेवली असं धरता येईल का?"

हौसाबाईंनी खूप विचार केला. चांदीकडे बघितलं. "धरायला हरकत न्हाई," म्हणाल्या.

मी पर्समधून पेन काढलं आणि तिथेच, मेढीला टेकून, कार्डाच्या मागच्या बाजूला नव्याने लिहिलं. एक : आधी चांदीला गूळ. दोन : मग हात साबणाने, कोमट पाण्याने धुवा. तीन : लगेच साखर तपासा, मध्ये बसू नका. चार : गोळी आणि भाकरी. पाच : मग धारा.

डॉक्टरांनी ते कार्ड दोनदा वाचलं. गोळीची वेळ त्यांनी पक्की केली, झोपताना वाटीभर दूध-भाकर सांगितली, ताप-उलटी झाली तर गोळी किती वाढवायची आणि कुणाला फोन करायचा हे खाली स्वतःच्या हाताने लिहिलं. खडकावरून पुन्हा फोन येऊ लागले. अठ्ठावन्न. सदुसष्ट. मग एकदा ब्याऐंशी, आणि हौसाबाईंचा आवाजच सांगत होता, "बाई, आज गोठा फिरला न्हाई!"

दत्ता दिवाळीला वस्तीवर आला तेव्हा टेम्पो अजून ठरलेलाच होता. आकड्यांवर त्याचा विश्वास नव्हता, आणि त्यात त्याची चूक नव्हती. एकदा आमच्या आकड्यांनी त्याला फसवलं होतं. तो म्हणाला, "मी आठ दिवस रोज पहाटे माज्या डोळ्यांनी बगनार." बघितलं. आई रोज उभी. एका सकाळी आईला विसावा म्हणून तो स्वतःच धार काढायला बसला. गूळ दिला, गोंजारलं, आईचं लुगडंसुद्धा अंगावर घेतलं. चांदीने गूळ खाल्ला आणि लाथेने बादली पार उकिरड्यावर पाठवली. हे मला ताराबाईंनी फोनवर सांगितलं, आणि हसण्यामुळे त्यांना ते तीनदा सुरू करावं लागलं.

भाऊबीज झाल्यावर ठरलेला टेम्पो वेळेवर आला. आलाच आहे तर रिकामा कशाला जाऊ द्यायचा, म्हणून दत्ता त्यात बसून पुण्याला गेला. सोबत खव्याचे दोन डबे होते. म्हशी नव्हत्या.

एक शेपूट राहिलं. डॉक्टरांच्या कंपाउंडरला ते नवं कार्ड फार आवडलं आणि त्याने मला न विचारता त्याच्या प्रती काढून साखरेच्या पेशंटांना वाटल्या. महिन्याभराने नानासाहेब लॅबमध्ये आले, कार्ड टेबलावर ठेवलं आणि कचेरीच्या आवाजात विचारलं, "बाई, पहिली अट आम्ही कशी पूर्ण करायची? आमच्याकडे म्हैस नाही. आणि ही चांदी राहते कुठे?" मी पत्ता सांगितला. चढ किती आहे तेही सांगितलं. तेवढं चाललात तर तुमचीही साखर उतरेल, म्हटलं.

त्यानंतर वर्षभराने मी लॅब बंद केली. शेवटच्या शुक्रवारी वेल्ह्याच्या खोलीत सामान आवरत होते, तर हौसाबाई आणि ताराबाई हजर. हौसाबाई अंगाने भरलेल्या, एक डबा हातात. चांदी व्याली होती, रेडी झाली होती, तिचा पहिला चीक होता. "उकडून आनलाय, गूळ घालून. आता हितंच खावा, माज्यासमोर."

व्यालेल्या म्हशीच्या पहिल्या दुधाचा खरवस तुम्ही दोघांनी अजून खाल्लेला नाही, ही माझ्या आयुष्यातली मोठी उणीव आहे. माझी स्वतःची साखर काठावर आहे हे तुमच्या आईला माहीत आहे, म्हणून हा परिच्छेद तिला वाचून दाखवू नका. मी दोन वड्या खाल्ल्या. मग तिसरी. बोटं चिकट झाली होती. यंत्र समोरच टेबलावर होतं. मी उठले, साबणाने हात धुतले, कोमट पाण्याने पुन्हा धुतले, रुमालाने कोरडे केले आणि चौथी वडी घेतली.